विठ्ठलवाडी ते कल्याण: धावपळीत हरिपाठाचा नेम कसा बसवायचा

माझा पहिला नेम नऊ दिवस टिकला. पहाटे साडेचारला उठायचं, आंघोळ, देवापुढे समई, अख्खा हरिपाठ आणि मग डबे, असा बेत होता. नवव्या दिवशी लोकलगाडीत उभ्या उभ्या डोळा लागला आणि ठाण्याला कुणाच्या तरी खांद्यावर डोकं आपटून जाग आली. दहाव्या दिवशी गजर बंद केला, कूस बदलली आणि झोपले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी देवापुढे फक्त उदबत्ती फिरवत होते, तीही मनातल्या मनात डब्याच्या भाजीचा विचार करत.

आता गेली काही वर्षं नेम चालू आहे. अधूनमधून मोडतो, पण दोन-चार दिवसांत परत सुरू होतो. यात माझा निश्चय वगैरे काही वाढलेला नाही. नेम कुठे टांगायचा ते कळलं, एवढंच. ज्यांना रोज काहीतरी देवाचं म्हणायचं आहे, पण नोकरी, प्रवास, घर आणि पोरं यांतून ते जमत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण हरिपाठाचं घेतलं आहे, कारण मला तोच येतो. तुमच्या घरी रामरक्षा असेल, विष्णुसहस्रनाम असेल, तरी वेळेचं गणित हेच राहील.

आधी हरिपाठाची तोंडओळख

ज्ञानदेवांचा हरिपाठ म्हणजे २७ अभंग. काही पुस्तिकांत शेवटी आणखी एक जोडून २८ छापलेले दिसतात, त्यात गोंधळून जाऊ नका. एकनाथ, नामदेव, तुकाराम, निवृत्तिनाथ यांचेही हरिपाठ आहेत, पण नवख्याने ज्ञानदेवांच्याच हरिपाठापासून सुरुवात करावी. गावाकडे तो संध्याकाळी देवळात टाळ-पखवाजावर, पावल्या खेळत म्हणतात. तेव्हा तास कसा जातो ते कळत नाही. घरी एकट्याने संथ म्हटला तर मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एक अभंग साधारण मिनिटभराचा.

हे मिनिटभराचं माप महत्त्वाचं आहे. आपण 'हरिपाठ करायचा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पंचवीस मिनिटं उभी राहतात, आणि सकाळी सात वाजता पंचवीस मिनिटं कुणाकडे असतात? पण पहिल्याच अभंगाची पहिली ओळ बघा: 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी'. क्षणभर उभं राहायला सांगितलं आहे. आणि शेवटच्या, सत्ताविसाव्या अभंगात येतं, 'रिकामा अर्धघडी राहू नको'. घडी म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या साठ घड्या. लग्नात घटिकापात्र बघितलं असेल, भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडतात ते. ती वाटी भरून बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घडी. अर्धघडी म्हणजे १२ मिनिटं.

त्या ओळीचा अर्थ 'अर्धी घडीसुद्धा फुकट घालवू नकोस' असा आहे, हे मलाही कळतं. मी त्यात आपल्या सोयीने माप शोधलं. सुरुवात क्षणभरापासून, आणि पोचायचं अर्धघडीपर्यंत. बारा मिनिटांच्या पुढे जाण्याची नवख्याने घाई करू नये.

पहिली पायरी: चार दिवस नुसतं बघा

काहीही सुरू करू नका. वेळापत्रक तर मुळीच आखू नका. चार दिवस फक्त एवढंच बघा की तुमच्या दिवसात रोज न चुकता काय घडतं आणि त्या वेळी तुमचं तोंड रिकामं असतं का. हात रिकामे असायची गरज नाही.

माझी यादी अशी निघाली: दूध तापेपर्यंत ओट्यापाशी उभं राहणं. पाण्याची मोटर चालू करून टाकी भरायची वाट बघणं. रिक्षाची रांग. गाडी. ऑफिसच्या इमारतीत लिफ्टची रांग, ती तर रेशनच्या रांगेइतकी. संध्याकाळी कुकर लावल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंतचा वेळ. रात्री मुलाच्या शेजारी, तो झोपेपर्यंत.

या सगळ्यांना मी खुंट्या म्हणते. नेम घड्याळाला बांधला की तुटतो, कारण घड्याळ आपलं ऐकत नाही. 'रोज सव्वासातला' असं ठरवलं आणि सव्वासातला नेमका गॅसवाला आला, की त्या दिवसाचा नेम बुडाला. खुंटीचं तसं नाही. कुकर सातला लागो की साडेआठला, लागतोच. गाडी उशिरा आली तरी येते.

माझी खुंटी मला गाडीतच मिळाली. मी बदलापूरहून लोकलने मुंबईत सीएसएमटीला जाते. अंबरनाथ, उल्हासनगर, मग विठ्ठलवाडी आणि त्यानंतर कल्याण. इतकी वर्षं जाता-येता 'विठ्ठलवाडी'ची पाटी बघत होते आणि डोक्यात काही उजाडत नव्हतं! विठ्ठलवाडी सुटली की कल्याण येईपर्यंत चार-पाच मिनिटं मिळतात. कल्याणला डब्यात जी गर्दी घुसते त्यानंतर स्वतःचा हातसुद्धा शोधावा लागतो, त्यामुळे त्याच्या आत दोन-तीन अभंग सहज होतात. आता पाटी दिसली की ओठ आपोआप हलायला लागतात.

तुमच्या वाटेवर विठ्ठलवाडी नसेल. एखादा सिग्नल असेल, पूल असेल, शाळेच्या बसचा थांबा असेल. दोनपेक्षा जास्त खुंट्या निवडू नका. एक घराबाहेरची आणि एक घरातली, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही काहीतरी हाताशी राहतं. रविवारी माझं गाडीचं काम नसतं, तेव्हा कुकर.

एक धोक्याची सूचना

गोरोबाकाकांची गोष्ट ठाऊक असेलच. तेरचे गोरा कुंभार, नामात इतके तल्लीन झाले की चिखल तुडवताना पायाखाली लेकरू आलं तेही त्यांना कळलं नाही. विठ्ठलाने ते लेकरू त्यांना परत दिलं, अशी कथा आहे. आपल्यावर तेवढी कृपा होईलच असं नाही. तेव्हा फोडणी टाकताना, रस्ता ओलांडताना, दुचाकी चालवताना खुंटी नको. दुधाचंही मी शेवटी सोडून दिलं, दोनदा उतू गेलं आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, देव दूध नाही मागत, नाव घे पण गॅस बारीक कर."

गाडी चालवणाऱ्यांनी पुस्तिका किंवा फोन बघत म्हणण्याचा विचारही करू नये. पाठ असेल तेवढंच, तेही डोळे रस्त्यावर ठेवून.

दुसरी पायरी: एकच अभंग घ्या

पहिल्या आठवड्यात फक्त पहिला अभंग. सगळा हरिपाठ रोज एकदा वाचून काढण्यापेक्षा एकच अभंग रोज म्हणून पाठ करणं खूप हलकं जातं, आणि गर्दीत त्याचाच उपयोग होतो. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धवट टेकलेलं असताना, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात पर्स असताना पुस्तिका कुठे उघडणार?

पुस्तिका मात्र घ्याच. खिशात मावेल अशी हरिपाठाची छोटी पुस्तिका आळंदी, देहू, पंढरपूर इथल्या देवळांबाहेर आणि बहुतेक धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत वडापाव-चहाच्या पैशांत मिळते. 'सार्थ' लिहिलेली मिळाली तर ती घ्या, म्हणजे प्रत्येक अभंगाखाली अर्थ असतो. भाषा सातशे वर्षांपूर्वीची आहे. 'असोनि संसारी जिव्हे वेगु करी' यातला 'वेगु' म्हणजे वेग, त्वरा. संसारात राहूनच जिभेला घाई करायला सांगितलं आहे, हे अर्थ वाचल्याशिवाय मला कळलं नव्हतं. मला वाटायचं, संसार सोडायला सांगतात की काय.

चाल शिकायची तर एखादा साधा, बिनवाद्यांचा किंवा नुसत्या टाळांवरचा हरिपाठ ऐका. फोनवर झगमगाटी संगीतातले बरेच सापडतात, पण त्यांच्यासोबत म्हणायला गेलं की आपण नुसते ऐकणारे होतो. प्रत्येक अभंगानंतर 'हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना कोण करी' हे पालुपद येतं. सुरुवातीला एवढं पालुपद जरी जमलं तरी नेम झाला असं धरा. त्यातच सांगितलंय, मोजत बसू नका.

तिसरी पायरी: सोवळं, आसन, दिवा वगैरे

याबद्दल लोक सगळ्यात जास्त अडतात आणि मला वाटतं सगळ्यात कमी अडायला हवं.

आंघोळ झालेली असली तर उत्तम. नसली तर तोंड धुऊन म्हणा. देव्हाऱ्यापुढे बसता आलं तर छानच. सातशे चौरस फुटांत पाच माणसं असतील तर देव्हाऱ्यापुढे कुणीतरी कपडे इस्त्री करत असतं, हेही मला माहीत आहे. चपला घालून गाडीत म्हणलेलं चालतं का, असं मला एकीने विचारलं होतं. वारकरी पंढरपूरपर्यंत चालत जातात तेव्हा वाटेत हरिपाठ म्हणतातच की, चिखलातून, चपला-बूट घालून.

पाळीच्या दिवसांत म्हणावा का, हा प्रश्न बायका कुजबुजत विचारतात. देव्हाऱ्याला शिवायचं की नाही ते तुमच्या घरचं तुम्ही ठरवा. नामाला मात्र अशी अट हरिपाठात मला कुठे दिसली नाही; उलट 'काळ वेळ नाम उच्चारिता नाही' असं त्यात चक्क म्हटलं आहे. मी त्या दिवसांतही म्हणते.

पहाटेचं काय? ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी साधारण दीड तासापासून पाऊण तासापर्यंतचा वेळ. शांत असतो, मन लागतं, यात वाद नाही. ज्यांना रात्री दहाला झोपायला मिळतं त्यांनी जरूर उठावं. रात्री साडेअकराला भांडी आवरून झोपणाऱ्या बाईने पहाटे चारला उठण्याचा नेम करू नये. तिला झोपेची गरज जास्त आहे. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या माझ्या नणंदेची 'पहाट' दुपारी दोनला होते. ती उठली की आधी चहा, मग हरिपाठ. तिच्या खिडकीबाहेर तेव्हा भंगारवाला ओरडत असतो.

चौथी पायरी: घरच्यांना सांगून टाका

गुपचूप केलेला नेम टिकत नाही. मी सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लाज वाटायची. 'आली मोठी संत' असं कुणी म्हणेल, ही भीती. त्यामुळे व्हायचं काय, की कुकर लावून मी पुटपुटायला लागले की कुणीतरी हाक मारायचं: माझा टॉवेल, माझी वही, चार्जर कुठाय.

शेवटी एका रात्री जेवताना सांगितलं. कुकर लागल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत मला हाक मारायची नाही, घराला आग लागली असेल तरच. मुलगा हसला, नवरा म्हणाला "बरं". पण मग असं झालं की शिट्ट्या मोजणारं कुणी नव्हतं आणि मीच अर्धं लक्ष शिट्टीकडे ठेवून म्हणत होते. तेव्हा शिट्ट्या मोजणं आणि गॅस बंद करणं नवऱ्याकडे दिलं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. बायकांच्या नेमाला वेळ मिळत नाही याचं कारण बहुतेक घरांत देवाची आवड कमी आहे हे नसतं. बारा मिनिटांसाठी ओटा कुणी सांभाळायचा, हे ठरलेलं नसतं. पुरुष मंडळी हे वाचत असतील तर त्यांची पहिली पायरी तीच: घरातल्या दुसऱ्या कुणाच्या बारा मिनिटांची जबाबदारी घ्यायची.

आणि जनाबाईची ओवी म्हणून दाखवणारे भेटतात, 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता'. खरं आहे, सुंदरच आहे. पण ते दुसऱ्याला दळायला लावण्यासाठी वापरू नये. जनाबाई काम करता करता गात होती, कारण तिला कामातून सुटका नव्हती.

फोनचं काय करायचं

थोडक्यात सांगते. फोनवर बघून म्हणायचं ठरवलं तर दुसऱ्या अभंगापर्यंत एखादा निरोप येतो, तिसऱ्याला आपण तो उघडतो आणि चौथ्याऐवजी कुणाच्या तरी सहलीचे फोटो बघत असतो. फोनच वापरायचा असेल तर आधी फ्लाइट मोडवर टाका. मी पुस्तिकेचं पान फाडून, दुमडून पासच्या पाकिटात ठेवलं होतं. पुस्तिका फाडणं आईला अजिबात आवडलं नाही. तुम्ही झेरॉक्स काढा.

पाचवी पायरी: वाढवायचं कसं

आठवड्याला एक अभंग. आधीचे चालू ठेवायचे आणि पुढचा जोडायचा. बारा अभंग झाले की अर्धघडी भरते. तिथे थांबलात तरी काही बिघडत नाही, मी तिथे जवळजवळ वर्षभर थांबले होते. मग पुढचे घ्या, पण रोज सगळे म्हणण्याचा हट्ट नको: एका दिवशी पहिले बारा, दुसऱ्या दिवशी पुढचे.

सुरुवात कधी करावी याला आपल्याकडे तयार पंचांग आहे, त्याचा उपयोग करा. 'आजपासून कायमचं' असा संकल्प डोईजड होतो. चातुर्मासाचा नेम मात्र आपल्या आज्यांनी सहज पाळला, कारण त्याला शेवट होता. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. त्या चार महिन्यांत साधारण सतरा आठवडे येतात, म्हणजे आठवड्याला एक धरला तर सतरा अभंग. कार्तिकीला सुरू केलंत तर आषाढीपर्यंत आठ महिने मिळतात, जवळजवळ ३४ आठवडे. मध्ये अधिक मास आला तर आणखी एक महिना. सत्तावीस अभंगांना सत्तावीस आठवडे, वर सहा-सात आठवडे चुकण्यासाठी आणि आजारपणासाठी. म्हणजे पालख्या निघायच्या सुमारास पूर्ण हरिपाठ तोंडात. पायी वारीला जायला रजा मिळो न मिळो, पालखी गावातून जाईल त्या संध्याकाळी टाळकऱ्यांच्या मागे उभं राहून आपल्यालाही ओठ हलवता येतात. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी पुण्यात बहिणीकडे होते. शेजारच्या आजीने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

मधल्या एकादश्या दर पंधरा दिवसांनी येतात. त्या दिवशी थोडं जास्त म्हणायचं, एवढं ठेवा. उपास करायचा की नाही ते पोटाला विचारा.

मन लागत नाही

लागत नाहीच. मी 'चहू वेदी जाण षट्शास्त्री कारण' म्हणत असते आणि डोक्यात विजेचं बिल. याला दोन उपाय मला सापडले.

एक, ओठ हलवा. मनातल्या मनात म्हटलेलं वाटेत कधी गळून जातं ते समजत नाही. गाडीत मोठ्याने म्हणता येत नाही, पण जीभ हलेल इतकं पुटपुटता येतं. 'हरि मुखे म्हणा' म्हटलंय, मुखे. शेजारणीला वाटतं आपण कानात काहीतरी घालून फोनवर बोलतोय. आजकाल तेवढी सोय आहे. मध्य रेल्वेवर टाळ घेऊन डब्यात भजन करणारी मंडळं जुनी आहेत; तुमच्या डब्यात असेल आणि तुम्हाला आवडत असेल तर सरळ त्यांच्यात बसा. ज्यांना डुलकी हवी असते त्यांची तक्रारही मला समजते, म्हणून मी स्वतः पुटपुटण्यावरच थांबते.

दोन, विजेचं बिल लिहून टाका. देवापुढे बसताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवते. 'बिल', 'हळद संपली', 'बाईंना फोन' असं एका शब्दात लिहायचं आणि पुढचा चरण. लिहिलं की ते डोकं खात नाही. कुणी म्हणेल हा प्रार्थनेचा अपमान झाला. सावता माळ्याने कांदा-मुळ्यात विठाई बघितली. माझ्या यादीत निदान कांदा तरी असतो.

चौथ्या अभंगात एक ओळ आहे: 'सायास करिसी प्रपंच दिननिशी, हरिसी न भजसी कवण्या गुणे'. प्रपंचासाठी रात्रंदिवस एवढे कष्ट करतोस, मग हरीला का भजत नाहीस, असा सरळ प्रश्न. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रागच आला होता. कवण्या गुणे म्हणजे? वेळ कुठाय? मग एका आठवड्यात मी फोनवर किती वेळ घालवते ते फोननेच दाखवलं. तो आकडा इथे लिहीत नाही.

अगदीच वाईट दिवस

मूल तापलेलं, गाड्या बंद, वर्षअखेरीचे हिशेब, घरी पाहुणे. त्या दिवशी अभंग होणार नाही. अशा दिवसासाठी आधीच काहीतरी लहान ठरवून ठेवावं, म्हणजे त्या दिवशी विचार करावा लागत नाही. माझं ठरलेलं आहे: घराचा उंबरा ओलांडताना तीनदा 'राम कृष्ण हरी'. दहा सेकंदही लागत नाहीत. आत येताना राहिलं तर बाहेर जाताना.

हाच मंत्र तुकोबांना त्यांच्या गुरूंकडून, बाबाजींकडून मिळाला, असं त्यांनीच अभंगात सांगितलं आहे. माळ हाताशी असेल तर १०८ मण्यांची एक माळ संथपणे ओढायला मला चार-साडेचार मिनिटं लागतात. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, एवढा एकच नियम नवख्याने लक्षात ठेवावा. जपाची माळ वेगळी आणि गळ्यात घालायची तुळशीची माळ वेगळी. गळ्यातली माळ घालणं म्हणजे वारी, एकादशी, मांसमद्य वर्ज्य हे सगळं स्वीकारणं असतं. ती दुकानातून हौसेने आणून घालू नका.

जपाच्या मण्यांवरून आठवलं. वसईहून येणारी माझी एक सहकारी ख्रिस्ती आहे. तिच्या पर्समध्ये रोझरी असते. घरी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची पद्धत, पण ही सातच्या आधी घरी पोचतच नाही. म्हणून ती गाडीतच दहा-दहा मण्यांचे पाच भाग स्टेशनांवर वाटून घेते. कधी एखादा भाग राहिला तर तो अंधेरीच्या गर्दीत हरवला म्हणते आणि दुसऱ्या दिवशी शोधत बसत नाही.

तिच्याकडून मी ही शेवटची गोष्ट उचलली. चुकलेल्या दिवसाची थकबाकी ठेवायची नाही. काल राहिले म्हणून आज दुप्पट, असं केलंत की आठवड्याच्या शेवटी डोक्यावर सहा दिवसांचं कर्ज होतं आणि माणूस ते फेडण्याऐवजी दुकानच बंद करतो. माझा तो नऊ दिवसांचा नेम याच पायी गेला. दहावा दिवस चुकला, अकराव्याला दोन्ही दिवसांचं करायचं ठरवलं, आणि बाराव्यापासून देव्हाऱ्याकडे बघायचीच चोरी झाली. काल गेला तो गेला. आज पहिल्या ओळीपासून.

सोबत

जमल्यास एक माणूस शोधा. जवळच्या विठ्ठलमंदिरात संध्याकाळी हरिपाठ होत असेल तर आठवड्यातून एकदा जाऊन मागे बसा. कुणी काही विचारत नाही. फार तर हातात टाळ देतील. टाळ वाजवता येत नसेल तर घेऊ नका, तालाला फटका बसतो आणि मग सगळे वळून बघतात, हे अनुभवाने सांगते. परदेशात राहणारी माझी भाची आणि तिच्या चार मैत्रिणी दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर पाच अभंग म्हणतात. आवाज पुढे-मागे पोचतो, त्यामुळे एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून तिच्यामागे म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं आहे.

गाडीत मलाही एक सोबतीण मिळाली आहे. अंबरनाथला चढते, माझ्यापेक्षा बरीच मोठी. पहिल्या दिवशी ती माझे ओठ बघत होती. दुसऱ्या दिवशी मी अडखळले तेव्हा तिने पुढचा शब्द सांगितला. आम्हाला अजून एकमेकींची नावं माहीत नाहीत. माझे सव्वीस अभंग पाठ झालेत. सत्ताविसावा, तोच अर्धघडीचा, अजून मध्येच अडकतो, आणि ती सांगेपर्यंत कल्याण येतं.